खंडेनवमीला बंद केलेला फ्रीझर

सोमवारी सकाळी प्रयोगशाळेचं कुलूप काढून आत पाऊल टाकलं तर पाय पाण्यात. पाणी डीप फ्रीझरच्या खालून येत होतं. फ्रीझरला मीच घातलेली झेंडूची माळ सुकून काळी पडली होती आणि भिंतीवरचं बटण वर होतं. वर म्हणजे बंद.

झाकण उचललं. आत सहा वर्षांचं रक्त होतं. म्हणजे रक्तातलं वरचं पिवळं पाणी, बोटाएवढ्या नळ्यांत, बुचं लावून, नंबर घालून ठेवलेलं. शुक्रवारी ते दगडासारखं गोठलेलं होतं. आता नळ्या पाण्यात तरंगत होत्या, नंबराच्या चिठ्ठ्या सुटून तळाला गेल्या होत्या आणि वास येत होता. वासाचं वर्णन करत नाही, दिवाळीचा अंक आहे.

झाकण बंद केलं. मग परत उघडलं, कारण बंद करून काय होणार होतं.

आमचा टेक्निशियन भास्कर मागोमाग आला. त्याने पाणी पाहिलं, बटण पाहिलं, माळ पाहिली.

"मावशी, गप बसा," तो म्हणाला. "लाईट गेले होते म्हणून सांगू. सणासुदीला जातातच."

"लाईट गेले नव्हते."

"तुम्हाला काय माहीत?"

"शनिवारी मी द्वारका चौकात झेंडू घेऊन बसले होते. समोरच्या दुकानात दिवसभर टेप वाजत होता."

"अहो, ते तुम्हाला माहीत. मॅडमना कुठे माहीत आहे?"

भास्कर मनाने चांगला होता. पण खोटं बोलायचं तर ते लक्षात ठेवावं लागतं, आणि मला नळ्यांचे नंबर लक्षात ठेवायचे असायचे. तेवढ्यात मॅडम आल्याच.

मॅडम म्हणजे आमच्या नाशिकच्या रुग्णालयातल्या पॅथॉलॉजीच्या डॉक्टर. सकाळी सगळ्या रुग्णालयाच्या तपासण्या करायच्या आणि दुपारी तीननंतर स्वतःचं संशोधन. संशोधन कशावर, तर पुरुषांच्या प्रोस्टेटच्या कॅन्सरवर. मी त्यांच्याकडे मदतनीस. काचा धुणं, नळ्या धुणं, नमुने आणणं, वहीत नाव-गाव लिहिणं. माझं शिक्षण चौथी. अक्षर मात्र वळणदार होतं, म्हणून वही माझ्याकडे आली.

"काय झालं?" मॅडमनी विचारलं.

"मी बंद केला. खंडेनवमीला."

त्यांनी पर्स खाली ठेवली नाही. "किती वाजता?"

"अकराच्या सुमारास."

"शुक्रवारी अकरा," असं म्हणून त्यांनी ते भिंतीवरच्या कागदावर लिहिलं. मग विचारलं, "का?"

का, ते इथे सांगते. आम्ही मळेवाले. आमच्या घरी खंडेनवमीला विळे, खुरपी, पाण्याची मोटर सगळं धुऊन पुसून हळदकुंकू लावतात आणि त्या दिवशी त्यांच्याकडून काम घेत नाहीत. वर्षभर राबतात, एक दिवस बसू द्यावं. प्रयोगशाळेतली पूजा दरवर्षी भास्कर करायचा. त्या वर्षी तो रजेवर होता आणि किल्ल्या माझ्याकडे होत्या. मी काचेवर घ्यायचे पातळ काप काढायचं यंत्र पुसलं, सूक्ष्मदर्शक पुसला, सगळ्यांना फूल वाहिलं. मग फ्रीझरकडे पाहिलं. सगळ्यांत जास्त राबणारा तोच. सहा वर्षं रात्रंदिवस घरघरत होता. त्याला वगळणं मला बरोबर वाटलं नाही. झाकण बंद असलं की बर्फ एक दिवस टिकतो, असा माझा अंदाज. दसऱ्याला सकाळी येऊन चालू करणार होते.

हे सगळं मी मॅडमना सांगितलं.

"मग दसऱ्याला का नाही आलात?"

"झेंडू विकत बसले. तो एकच दिवस असतो आमचा. भाव चांगला मिळत होता, विसरले. काल रविवार."

"संपला का?"

"काय?"

"झेंडू."

"संपला."

"चला, एकाचं तरी काम झालं," असं म्हणून मॅडम त्यांच्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. मी चहा दाराशी नेऊन ठेवला, तो तसाच राहिला. मी फरशी पुसली, नळ्या बादलीत भरल्या आणि उद्यापासून कुठे काम मिळेल याचा विचार करायला लागले. द्वारकेच्या एका दवाखान्यात बाई हवी होती.

मॅडम आत काय विचार करत होत्या ते मला नंतर कळलं. त्यांना बघायचं होतं की आज रक्तात जे दिसतं त्यावरून पुढे कोणाचा आजार वाढणार आणि कोणाचा नाही, हे आधी सांगता येतं का. त्यासाठी सहा वर्षं रक्त साठवलं होतं. ते गेलं. जुनं रक्त परत मिळत नाही. माणूस तोच असला तरी रक्त आजचं येतं.

बाहेरच्या माणसाला हा आजार थोडा समजावते, म्हणजे पुढचं कळेल. लघवीच्या पिशवीच्या तोंडाशी प्रत्येक पुरुषाला अक्रोडाएवढी एक ग्रंथी असते. म्हातारपणी ती वाढते. बहुतेकांची साधी वाढते, त्रास देते पण जीव घेत नाही. काहींच्यात कॅन्सर निघतो. त्यातही काहींचा कासवासारखा चालतो आणि काहींचा घोड्यासारखा. कोणता कासव आणि कोणता घोडा, हे ओळखणं हेच मॅडमचं काम. सर्जन ग्रंथीचा तुकडा काढून पाठवायचे. तो तुकडा आम्ही मेणात बसवायचो, खोबऱ्याच्या वडीसारखी चौकोनी वडी व्हायची. त्या वडीचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढून काचेवर घ्यायचे, रंगवायचे आणि मॅडम ते बघायच्या.

हे झालं तुकड्याचं. त्याआधी माणसाला बोलतं करायचं, ते सगळ्यांत अवघड. साठी-सत्तरीचे बाप्ये, आणि विचारणारी बाई. मॅडम अगदी सौम्य आवाजात विचारायच्या, "बाबा, लघवीला कसं होतं?" आणि बाबा खिडकीबाहेर बघून सांगायचे, यंदा द्राक्षाला फूट चांगली आहे. सिन्नरचे एक निवृत्त मास्तर होते. त्यांनी मॅडमना अर्धा तास गोदावरीच्या उगमाची माहिती दिली, पण स्वतःच्या उगमाबद्दल एक शब्द नाही. शेवटी मॅडम फोनला गेल्या तेव्हा मी विचारलं, "मास्तर, धार पडते का थेंब थेंब?"

मास्तरांनी चष्मा काढला. "थेंब थेंब."

"रात्री किती वेळा उठता?"

"पाच. कधी सहा."

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली. घरी बोललो नाही."

"घरी कळलं नसेल होय? पाच वेळा कडी वाजते."

मास्तर हसले. त्या दिवसापासून हे प्रश्न माझ्याकडे आले. मॅडम पडद्यामागे बसून लिहून घ्यायच्या. मला लाज वाटत नाही का, असं माझ्या जावेने विचारलं होतं. मी म्हटलं, भेंडी तोडताना कुसळं लागतात म्हणून कुणी मळा सोडतं का.

तर तो सोमवार. दुपारी मॅडमचं दार उघडलं.

"मावशी, मेणाच्या वड्या कुठे आहेत?"

"कपाटात. त्यांना फ्रीझर लागत नाही."

"आणि वही?"

"माझ्याकडे."

"वहीत सगळ्यांचे पत्ते आहेत?"

"जे त्यांनी सांगितले ते आहेत."

मॅडम स्टुलावर बसल्या. "रक्त गेलं ते गेलं. वड्या आहेत. सहा वर्षांपूर्वीची गाठ कशी दिसत होती ते वडीत दिसतं. आता एवढंच कळायला हवं की तो माणूस आज आहे का नाही. आणि नसेल, तर कशाने गेला. हे प्रत्येकाचं कळलं पाहिजे. चार जणांचं राहिलं तरी चालेल, चाळीस जणांचं राहिलं तर सगळं वाया. आणि जे आहेत त्यांचं रक्त नव्याने घेऊन ठेवू."

"कोण शोधणार?"

"फ्रीझर कोणी बंद केला?"

मी वही काढून टेबलावर ठेवली. द्वारकेच्या दवाखान्याचा विचार सोडून दिला.

आधी मॅडमनी रुग्णालयाच्या छापील कागदावर पत्रं पाठवली. 'आपल्या प्रकृतीच्या पाठपुराव्यासंदर्भात आपण कृपया संपर्क साधावा.' महिना गेला, चार उत्तरं आली. लोकांना वाटलं, पुन्हा ऑपरेशन सांगतात. मग मी म्हटलं, मला लिहू द्या. जोडकार्डं आणली, म्हणजे ज्याला उत्तराचं कोरं कार्ड चिकटलेलं असतं. त्यावर लिहिलं: 'तुमचे साठवलेले रक्त आमच्या चुकीने खराब झाले. तुम्ही जिवंत असाल तर येऊन जावे. नसाल तर घरच्यांनी तारीख व कारण कळवावे.'

पहिली खेप मी मॅडमना न दाखवता टाकली. ही चूक होती. तिचा फायदा झाला ती गोष्ट वेगळी.

आठव्या दिवशी देवळ्याहून एक जीप येऊन उभी राहिली. आतून एक म्हातारा, त्याचे दोन मुलगे आणि गावातले तिघे-चौघे उतरले. म्हाताऱ्याला सगळे नाना म्हणत. मोठ्या मुलाच्या हातात माझं कार्ड होतं.

"कोणी लिहिलं हे?" तो म्हणाला. "जिवंत असाल तर? ही काय भाषा झाली? आमच्या घरात कार्ड वाचून बाया रडायला लागल्या. त्यांना वाटलं तुम्हाला डॉक्टर लोकांना आधीच कळलंय."

"मी लिहिलं," मी म्हटलं.

नानांनी मुलाला बाजूला सारलं आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "मी जित्ता शे," ते अहिराणीत म्हणाले. "नीट देखी ले."

"बघितलं. बसा. बाही वर करा."

"बाही कसाले?"

"रक्त काढायचंय. मेलेल्याचं निघत नाही."

मुलगे काही हसले नाहीत. नाना हसले, एवढे हसले की भास्करला शीर सापडेना. तेवढ्यात मॅडम आल्या, त्यांनी कार्ड वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं. मग सगळ्यांची माफी मागितली, चहा सांगितला. रक्त देऊन झाल्यावर नाना म्हणाले, "आमना गावना आखो दोन जन तुमनी वहीमा शेत ना? एक शे. एक गया." वहीतल्या त्यांच्या गावच्या आणखी दोघांपैकी गेला तो कधी, कशाने, हेही त्यांनीच सांगितलं. साप चावून. मी वहीत लिहून घेतलं.

जीप गेल्यावर मॅडम म्हणाल्या, "मावशी, असली कार्डं एकूण किती गेलीत?"

"तीस."

"भाषा बदला."

मी बदलली. सभ्य केली. त्या खेपेला पाचच उत्तरं आली. पहिल्या तिसांतून सव्वीस आली होती, त्यातली बरीच शिव्या घेऊन, पण आली. मग मॅडम म्हणाल्या, "जुनंच लिहा. फक्त 'नसाल तर' च्या आधी 'देव न करो' घाला." तेवढं घातलं.

उत्तरं यायची तेव्हा मी पोस्टमनच्या हातातला गठ्ठा आधी कडेने बघायची. वाईट बातमीच्या कार्डाचा कोपरा फाडायची आपल्याकडे रीत आहे. कोपरा शाबूत असेल तर माणूस आहे. वाचायच्या आधीच कळायचं. सिन्नरच्या मास्तरांच्या घरून आलेल्या कार्डाचा कोपरा फाटलेला होता. त्यांच्या बायकोने तारीख आणि कारण नेटकं लिहिलं होतं. कारण तेच होतं, गाठीचं. खाली एक ओळ होती: 'त्यांनी दिलेले रक्त वाया गेले याचे वाईट वाटते.' ते कार्ड मी वहीला टाचणीने लावलं. बाकीची कार्डं नंतर भास्करने फायलीत घातली. हे मी काढू दिलं नाही. बटण मी बंद केलं होतं, ते कार्ड मला दिसत राहणं योग्य होतं.

ज्यांची कार्डं 'पत्ता अपुरा' म्हणून परत आली त्यांच्याकडे मी एसटीने जायची. गुरुवार माझा फिरतीचा वार ठरला. डबा, पाण्याची बाटली, वही. गावात उतरून दवाखान्यात विचारायचं नाही, पिठाच्या गिरणीवर विचारायचं. गिरणीवाल्याला घरातली माणसं मोजून ठाऊक असतात, एक कमी झालं की दळण कमी होतं.

मनमाडचे एक रेल्वेचे निवृत्त गार्ड होते. त्यांची काच बघून मॅडम म्हणाल्या होत्या, "हा घोडा आहे, मावशी. दोन वर्षांच्या पुढे जाणार नाही." सहा वर्षं झाली होती, म्हणून मी फारशी आशा न ठेवता गेले. शेजारीण म्हणाली, "गार्डबाबा? ते मागच्या उन्हाळ्यात अगदी शेवटाला आले होते. मुलाने नेलं पुण्याला." मी वहीत पेन टेकवलं आणि थांबले. शेवटाला आले होते म्हणजे गेले असं नाही. तारीख नाही, कारण नाही. गिरणीवर गेले. गिरणीवाला म्हणाला, "कोण म्हणतं गेले? आत्ता स्टेशनवर असतील."

गार्डबाबा फलाटावरच्या बाकावर बसले होते. हातात घड्याळ. येणारी गाडी किती उशिरा आहे ते एका कागदावर लिहीत होते.

"पुण्याहून कधी आलात?" मी विचारलं.

"महिन्यात परत आलो, इथे स्टेशनजवळ खोली घेतली. मुलाच्या घरी गाडी ऐकू येत नाही. झोप लागत नाही. तुम्ही कोण?"

मी सांगितलं. त्यांनी बाही वर करायला सुरुवात केली. मी म्हटलं, इथे नको, नाशिकला या. मग ते म्हणाले, "बाई, खरं सांगा. माझं किती राहिलंय?"

"मी चौथी शिकलेय. हे गणित आम्हाला नव्हतं."

"डॉक्टरबाई काय म्हणाल्या होत्या?"

"दोन वर्षं."

त्यांनी कागदाकडे पाहिलं. "म्हणजे चार वर्षं लेट चाललोय," ते म्हणाले. "चालू द्या."

ते पुढच्या आठवड्यात नाशिकला आले, स्वतःच्या पायांनी. मॅडमनी त्यांची काच पुन्हा काढून पाहिली, मग आणखी एकदा पाहिली. "माझंच चुकलं," म्हणाल्या. हे म्हणणारे डॉक्टर मी नोकरीत फार पाहिले नाहीत.

दीड वर्षात वही पूर्ण झाली. तिघांचा पत्ता शेवटपर्यंत लागला नाही. मॅडमनी लेख लिहिला आणि परदेशातल्या मासिकाकडे पाठवला. तिथे लेख लगेच छापत नाहीत, आधी दुसऱ्या डॉक्टरांकडून तपासून घेतात. त्यांनी उलट प्रश्न पाठवला. मॅडम हसत माझ्याकडे आल्या.

"मावशी, ते विचारतात, इतक्या वर्षांनी इतकी माणसं सापडली कशी? आमच्याकडे सापडत नाहीत. तुमची पद्धत काय?"

"पद्धत कसली? जाऊन विचारायचं."

"आणि गिरणी?"

"ती तिकडे असते का?"

मॅडमनी कार्डं, फिरती आणि गिरणी सगळं लिहिलं. रक्ताबद्दल लिहिलं की शीतकपाट बंद राहिल्याने नमुने नष्ट झाले. मी म्हटलं, मी बंद केलं असं लिहा. त्या म्हणाल्या, "त्यांना खंडेनवमी समजावायला आणखी दोन पानं लागतील. ते पानं मोजून देतात."

लेख छापून आला. मग काही झालं नाही. दोन वर्षं काहीच झालं नाही. एक सर्जन चहाला यायचे, ते हमखास विचारायचे, "काय मॅडम, तुमचा लेख कोणी वाचला का?" मॅडम म्हणायच्या, "मावशींनी वाचला." मी काही वाचला नव्हता, इंग्रजी होता. पण मान हलवायची.

या क्षेत्रात माणसाची किंमत कशी ठरते ते मला तेव्हा समजलं. दुसऱ्या कोणी संशोधकाने आपल्या लेखाच्या शेवटी तुमच्या लेखाचं नाव दिलं की तो एक उल्लेख. त्याला ते सायटेशन म्हणतात. असे जेवढे उल्लेख तेवढा मान. मला त्यात नवं काही वाटलं नाही. आमच्याकडे चांगलं वांगं दिसलं की लोक विचारतात, बी कुठलं? शेतकरी सांगतो, अमक्याच्या मळ्यातलं. ज्याच्या मळ्याचं नाव पंचक्रोशीत घेतात तो मोठा. फक्त आमच्याकडे ते कोणी लिहून ठेवत नाही.

पुढे रुग्णालयात इंटरनेट आलं आणि भास्कर ते उल्लेख शोधून दाखवायला लागला. पहिला उल्लेख सापडला तेव्हा मॅडमनी चष्मा पुसून तो दोनदा वाचला.

"काय लिहिलंय?" मी विचारलं.

"माझा निष्कर्ष पटत नाही म्हणून लिहिलंय."

"हाही मोजतात?"

"हाही मोजतात."

"मग बरं आहे. आमच्याकडे शिव्या वेगळ्या धरतात."

नंतर एकेक करत वाढत गेले. जपान, ब्राझील, कुठले कुठले. भास्कर सोमवारी आकडा फळ्यावर लिहायचा. तीन अंकी झाला त्या दिवशी चहाला येणारे सर्जन स्वतःहून म्हणाले, "मॅडम, लेखाची एक प्रत द्या." गंमत अशी की त्यातले बरेच उल्लेख गाठीसाठी नव्हतेच. माणसं कशी शोधावीत, यासाठी होते. मुंबईहून दोन तरुण डॉक्टर आमचा 'फॉलोअप विभाग' पाहायला आले. मॅडमना विचारलं, विभाग कुठे आहे? मी कपाटाआड भाकरी खात होते. मॅडम म्हणाल्या, "पाच मिनिटं थांबा, जेवतोय."

लेखात गाठीबद्दल काय होतं, तेही सांगायला हवं. साध्या शब्दांत एवढंच, की ज्यांची गाठ कासव होती त्यातले बरेच जण तिला घेऊनच जगले, आणि घोडा कोणता ते ओळखण्यात आमची चूक होऊ शकते. वाचणाऱ्यांत कोणी साठीचे असतील तर लाज सोडा आणि थेंब थेंब होत असेल तर दाखवा. मास्तरांनी दोन वर्षं कडी वाजवली आणि बोलले नाहीत.

फ्रीझर पुन्हा भरला. त्याच्या बटणावर मॅडमनी लाकडी पेटी बसवून घेतली, कुलपाची. दरवर्षी खंडेनवमीला त्या दारात उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "मावशी, माळ घाला. विश्रांती देऊ नका." मी माळ घालायची. निवृत्त झाले त्या दिवशीही फ्रीझर घरघरत होता.

हा लेख लिहायला बसण्याआधी मी जुनी वही काढली आणि पुन्हा विचारपूस केली. कार्डं आता कोणी टाकत नाही, भास्करने फोन लावून दिले. मॅडम निवृत्त आहेत, तब्येत ठीक आहे. पत्ता न लागलेले सोडले तर वहीत बहुतेक नावांपुढे आता गेल्याची तारीख आहे. तिघांपुढे अजून नाही: सटाण्याचे एक शिंपी, देवळ्याचे नाना आणि मनमाडचे गार्डबाबा.